घरामागचा पट्टा

मी खोटं बोलत नाही आणि खोटं मला खपतही नाही. करंजाड्याच्या जुन्या गावात कुणालाही विचारा, गोटीराम काय चीज आहे ते सांगतील. त्यातले दोन-चार शिव्याही घालतील, घालू दे. पण त्या दुपारी टेकडीवर मी जे बघितलं ते आठवलं की अजून माझी वाचा बसते.

तीन वर्षांपूर्वी माझ्या केतनला डंपरनं उडवलं. आठ दिवस पोरगा आयसीयूत, डॉक्टर धड काही बोलेनात. मी तसाच अनवाणी गावदेवीपुढे जाऊन उभा राहिलो आणि म्हणालो, "आई, पोरगा उठू दे. तीन वर्षं तुझ्या टेकडीला शेळीचा खूर लागू देनार नाय." नवव्या दिवशी केतननं डोळे उघडले आणि पाणी मागितलं. आता सांगा, देवी नाही असं मी कसं म्हणू?

टेकडी गावाच्या मागेच, आणि पायथ्याचं शेवटचं घर आमचं. माझ्या बापाच्या वेळेपासून टेकडीचे चार पट्टे ठरलेले. एका पट्ट्यात गुरं-शेळ्या चरायची, गवत पार खाली जायच्या आत त्यांना पुढच्या पट्ट्यात न्यायचं. एक पट्टा दिवाळीपर्यंत बंद, म्हणजे बी पडतं. फक्त आमच्या घरामागचा पट्टा शिमग्याच्या आधी जमिनीपर्यंत चारून टाकायचा. का, ते बापानं सांगितलंही असेल, मीच ऐकलं नसेल.

नवसानंतर मी चारही पट्टे बंद केले. गावानंही मान डोलावली, कारण शेळ्या होत्याच कुणाकडे? जमिनी गेल्या, बिल्डिंगा आल्या, भाड्यावर जगणारी माणसं आम्ही. उरली एकटी सगुणा. माझ्या धाकट्या भावाची बायको, भाऊ गेल्यापासून नऊ शेळ्यांवर संसार ओढणारी. तिला मी सांगितलं, गोठ्यात बांध आणि पाला तोडून आण. दोन वर्षं तिनं मुकाट्यानं तसंच केलं. टेकडी अशी भरली की मी येईल त्याला हात धरून दाखवत होतो.

यंदा दिवाळी उलटली तरी पाऊस हटला नाही. गवत माझ्या कमरेला लागलं. माघात सगुणा दारात येऊन उभी राहिली.

"दादा, दोन वर्षांचं वाळकं गवत तसंच बसलंय, खालचा कोंब दबलाय. टेकडी बरी दिसते, पन बरी नाय. नवस राहू द्या तुमचा, फक्त घरामागचा पट्टा चारू द्या. जसा पाऊस तसं ठरवलेलं बदलावं लागतं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "जत्रेला नवसाची तीन वर्षं पुरी व्हायची, दोनच महिने राहिलेत, सगुणा! तुझ्या नऊ शेळ्यांसाठी देवीला दिलेला शब्द फिरवू? उद्या माझ्या केतनला काय झालं तर तू देनार हायस पोरगा आनून?"

मी थांबलो नाही. "इकून टाक त्या शेळ्या, म्हंजे कटकट मिटली!"

माझी बायको पुतळा तिथंच तांदूळ निवडत बसली होती. तिनं मान वर केली नाही. तिसऱ्या दिवशी टेम्पो आला, नऊच्या नऊ शेळ्या चढल्या, मागची फळी मी स्वतः लावून दिली. सगुणानं डोळ्याला पदर लावला. मलाही वाईट वाटलं, पण नवस म्हणजे नवस.

मग एक वेगळीच गंमत सुरू झाली. मी दुपारी जेवून आडवा व्हायचो, चारला उठून चहा मागायचो, तर पुतळाच्या लुगड्याला शेळीचा वास! म्हणायची, "सगुनाचा गोठा झाडून येते." मी म्हणायचो, "रिकामा गोठा किती दिवस झाडनार, बये?" ती चहात साखर ढवळत राहायची.

जत्रा आठ दिवसांवर आली. मी पनवेलला मांडववाल्याकडे जाऊन रिक्षानं परत येत होतो. गावाच्या कमानीपाशी रिक्षावाल्यानं ब्रेक मारला आणि म्हणाला, "काका, ते बघा."

टेकडी पेटली होती.

वरच्या अंगाला कुणी कचरा जाळला की बिडी टाकली, ते अजून कळलेलं नाही. वारा वरून खाली, गावाकडे. ज्वाळा घराएवढ्या, आणि खाली माझं घर. घरात सून, नमिता. तिला आई नाही म्हणून बाळंतपण आमच्याकडेच. नातू बारा दिवसांचा.

रिक्षातून कसा उतरलो आठवत नाही. आगीचा बंब गल्लीच्या तोंडाशी अडकलेला, दोन्ही बाजूंना भाडेकरूंच्या गाड्या लावलेल्या. माणसं ओरडत होती. मी बासष्ट वर्षांचा माणूस, चपला टाकून पळत सुटलो.

नमिता ओट्यावर उभी, पोर छातीशी. तिला धड चालता येत नव्हतं. रडत म्हणाली, "बाबा, आई मागं हायत!"

"मागं कुठं?"

"टेकडीवर!"

शेजारच्या बायकांनी नमिताला धरलं आणि मी घराला वळसा घालून मागे गेलो. धुरानं डोळे उघडेनात. उघडले तेव्हा जे दिसलं त्यावर माझा विश्वासच बसेना. घरामागचा पट्टा आडवाच्या आडवा मोकळा. गवताची काडी नाही, नुसत्या लेंड्या आणि माती. वरून सुसाट आलेली आग त्या कडेपर्यंत आली, तडतडली, आणि खायला काही मिळेना म्हणून बसली. चाळीस पावलांवर माझं घर. आणि पट्ट्याच्या मधोमध नऊ शेळ्या, एकमेकींना चिकटून ओरडतायत. त्यांच्यापुढे माझी पुतळा, तोंड काळं, हातात ओली फांदी, उडालेल्या ठिणग्या झोडपतेय. बाजूला सगुणा, तिच्याही हातात फांदी.

लाज वाटते सांगायला. बायको जिवंत दिसली, घर वाचलं, नातू वाचला, आणि माझ्या तोंडातून पहिला शब्द काय निघाला? "नवस मोडलास!"

पुतळानं फांदी खाली टाकली. "मोडला. दोन महिने झाले मोडून."

"शेळ्या तर इकल्या होत्या!"

"टेम्पो माझ्या भावाकडं गेला, टेकडीपल्याड. रोज तुमी घोरायला लागलात की तो टेकडीला वळसा घालून शेळ्या घेऊन यायचा. त्यांनी सोडलं ते मी इळ्यानं कापलं. फक्त हाच पट्टा. वर एक खूर जाऊ दिला नाय."

अडतीस वर्षांचा संसार! या बाईनं मला कधी उलट उत्तर दिलं नव्हतं. मी घोरत होतो आणि घरामागे हे चाललं होतं. पण तेव्हा मला तेही सुचलं नाही. एकच गोष्ट डोक्यात घणासारखी बसत होती, दोन महिने नवस मोडलेला आणि केतन रोज त्याच डंपरच्या रस्त्यानं कामाला जातोय. मी फोन लावला.

"केतन, कुठं हायस? बरा हायस ना रं?"

"ऑफिसात हाय, बाबा. मस्त हाय. का? काय झालं?"

मी लेंड्यांवरच बसलो आणि हुंदके देऊन रडलो. पुतळा जवळ आली. तिच्या लुगड्याला धुराचा आणि शेळीचा वास येत होता.

"नवस तुमी बोललात," ती हळूच म्हणाली. "गवत देवीनं कवा मागितलं होतं?"

दुसऱ्या दिवशी मी सगुणाकडे गेलो. माझा स्वभाव तुम्हाला कळलाच असेल, एकदा फिरलो की पुरता फिरतो. म्हणालो, "आता अख्खी टेकडी तुझी, सोड शेळ्या कुठंही."

"येड लागलंय काय, दादा?" ती म्हणाली. "जळलेल्या जागी यंदा पाय नको. पयला पाऊस पडला की कोवळं उगवंल, तेच खाल्लं तर मुळंच मरतील. वरचं दिवाळीपर्यंत बंद. खालच्या पट्ट्यांचं मी बघून सांगते." मी मान डोलावली.

जत्रेला अख्खं गाव जमलं. नवस फेडायचा म्हणून पुजाऱ्यानं माझ्या हातात नारळ दिला. तीन वर्षं मी त्या दिवसाची वाट बघत होतो. देवीपुढे, गावापुढे ताठ मानेनं सांगणार होतो की टेकडीला खूर लागला नाही. बायकांच्या बाजूला पुतळा उभी होती, पदराखाली नातू. ती माझ्याकडे बघत नव्हती.

"नवस मोडला," मी म्हणालो. "माझ्या बायकोनं मोडला. म्हनून माझा नातू हाय."

मी नारळ फोडायला हात उचलला. केतननं पुढे येऊन माझा हात धरला आणि आम्ही दोघांनी मिळून तो फोडला. त्या दुपारी जेवून मी आडवा झालो नाही.