फुटबॉल लिलीचे बिघडलेले फोटो

ईस्टर उलटून पंधरा दिवस झाले आणि नंदाखाल गावातल्या आमच्या वाडीत फुटबॉल लिली फुलली. पान एकही नाही, नुसता दांडा आणि टोकाला लालभडक गोल गोंडा. वर्षातून एकदाच फुलते, आठवडाभर टिकते.

कंद माझ्या सासूबाईंचे. एकाहत्तर साली माझ्या लग्नात फोटोवाल्याच्या रोलमध्ये एक फोटो उरला, तेव्हा माझ्या पंधरा वर्षांच्या नणंदेने, क्लेमेंटीनने, हट्टाने या फुलाचा काढायला लावला. फोटो काळा-पांढरा, फूल कोळशासारखं आलं. पण ती गावभर ते लाल म्हणूनच दाखवत फिरली.

पुढे ती नायगावला नांदायला गेली, तरी दर वर्षी फूल बघायला यायची. गेल्या पावसाळ्यात गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि तिने धास्तीच घेतली. नवव्या मजल्यावरच्या बाल्कनीत बसून राहायची. तिचा मुलगा फ्लॉईड मला फोनवर म्हणाला, "मामी, डॉक्टर म्हणतात, चालली नाही तर गुडघा आखडेल. तूच काहीतरी कर."

माझी सून ज्युली फूल पाहून म्हणाली, "मम्मी, मस्त फोटो काढते. आत्याला पाठवू."

"खबरदार! मस्त फोटो मिळाला की ती तिथेच बसून बघेल."

मग फोटो मीच काढले. पहिल्या दिवशी नुसता दांडा. दुसऱ्या दिवशी अर्ध्या फोटोत माझा अंगठा.

लगेच फोन. "वहिनी, हे काय पाठवलंस?"

"लिली. छान आलीय ना?"

"कुठेय लिली? बोट दिसतंय!"

"बोटाच्या मागे आहे. नीट बघ."

"ज्युलीला सांग काढायला."

"ती शाळेचे पेपर तपासतेय. तूच ये की बघायला."

फोन बंद. पेपर कधीच संपवून बसलेली ज्युली तोंडावर हात दाबून हसत होती.

तिसऱ्या दिवशी उन्हाकडे तोंड करून काढला, सगळा काळोख. फोन आला नाही. चौथ्या दिवशी मुद्दाम हात हलवून काढला. तरी नाही. पाचव्या दिवशी गोंड्याची कड सुकायला लागली आणि माझा धीर सुटला. निदान डोळ्यांनी तरी बघू दे बिचारीला, असं म्हणून मी ज्युलीला फोन दिला. ती फुलासमोर उकिडवी बसतेय तोच फाटकाशी रिक्षा थांबली.

क्लेमेंटीन उतरली. एका हातात काठी, दुसरा फ्लॉईडच्या खांद्यावर. घामाघूम झाली होती, पण चालत होती. फुलाकडे तिने बघितलंही नाही. सरळ माझ्यापुढे आली आणि तीन बोटं नाचवत म्हणाली, "किती?"

"तीन. का गं?"

"देवाची कृपा! ते फोटो बघून वाटलं, तुझे डोळे गेले. रात्रभर झोपले नाही मी."

ज्युलीने सांगायला तोंड उघडलं. मी तिच्या पायावर पाय दिला.

"थोडं अंधुक दिसतं खरं," मी म्हणाले.

"ठाऊकच होतं! सोमवारी डॉक्टरांची वेळ घेतलीय. या लोकांवर नाही सोडणार, मी स्वतः नेणार तुला." मग तिचा आवाज थोडा उतरला. "दवाखाना पहिल्या मजल्यावर आहे. लिफ्ट नाही. चढशील ना?"

"तू हात धरलास तर चढेन," मी म्हणाले.