पंखेवाल्याची जागा

*चौकट. स्वयंपाकघर. टेबलाशी एक बाई आणि तिचा भाऊ, मध्ये मोबाइल. बाई काळजीत. भावाचं पोट टेबलाच्या कडेला टेकलेलं. (ठिपक्या, पोट आहे तेवढं काढ. लाजू नकोस.)*

ताई अशीच लिहिते. आधी जागा, मग माणसं, मग कंसात मला टोमणा. वर्षानुवर्षं ती लिहिते आणि मी काढतो. ठिपक्या म्हणजे मीच. लहानपणी मला सावली काढायची म्हटलं की ठिपक्यांशिवाय काही यायचं नाही. अजूनही फारसं येत नाही. पोटही माझंच.

आमची पाणबुडी मावशी दर महिन्याला चित्रकथांच्या मासिकात यायची. मावशी बुडालेली जहाजं धुंडाळते, नाकात बोलते आणि कुणाच्या बापाचं ऐकत नाही. ताई म्हणते, मावशी मनानेच रचली. आमच्या घरात ते कुणालाच पटत नाही.

मग मासिक छापणं बंद झालं. यापुढे फक्त मोबाइलवर.

*चौकट. मासिकाचं ऑफिस. अंकांचे गठ्ठे गेल्याने खोली उगाचच मोठी दिसते. भिंतीवर गठ्ठ्यांच्या उंचीपर्यंत रंग ताजा, वर काळपट.*

संपादकबाईंनी संगणकाचा पडदा आमच्याकडे वळवला. त्यावर एक रेघ होती. वरून निघून घसरगुंडीसारखी खाली आलेली.

"हा तुमचा मोबाइलवरचा पहिला भाग. वाचक कुठे सोडून गेले ते आता दिसतं आपल्याला."

"छापील अंकात हे कळायचं नाही," मी म्हणालो. "सुखी होतो."

"दुसऱ्या पानालाच निम्मे गेले. शेवटपर्यंत पोचले ते बोटांवर मोजण्याइतके."

"त्यातलं एक बोट माझं."

"आणि एक आमच्या ह्यांचं," ताई म्हणाली. "तेही मी शेजारी बसले होते म्हणून."

बाई हसल्या, पण हसू टिकलं नाही. आम्ही छापायची पानं होती तशीच मोबाइलवर चढवली होती. अख्खं पान हाताच्या पंज्याएवढं, अक्षरं मुंग्यांएवढी. बाईंनी ते आधीच सांगितलं होतं, आम्ही ऐकलं नव्हतं.

"आणखी एक भाग देते," त्या म्हणाल्या. "चौकटी मोठ्या ठेवू, एकाखाली एक, बोटाने वर सरकवत जायचं. वाचक तळापर्यंत गेले तर मावशी राहील. नाही गेले, तर मला काही बोलता येणार नाही. खरं सांगते."

*चौकट. ऑफिसचा जिना. दोघे उतरतायत. संवाद नाही.*

नव्हताच. खालच्या पायरीवर आल्यावर ताई बोलली.

"पानच नाही तर उलटणार काय? डोंबल?"

तिचं सगळं कसब त्या उलटण्यात होतं. उजव्या पानाच्या तळाशी मावशीने दाराला हात घालायचा. दार उघडतं ते पान उलटल्यावर. मधल्या क्षणात वाचकाचा श्वास ताईच्या मुठीत. आमचे भावोजी दातांचे डॉक्टर आहेत. त्यांच्या वेटिंग रूममध्ये ताई कधीकधी नुसती जाऊन बसायची, गाल सुजलेला माणूस पान उलटायच्या आधी कसा थबकतो ते बघायला.

"मोबाइलवर सगळं आपोआप घसरतं रे," ती म्हणाली. "थबकायला जागाच नाही. मला लिहिताच येत नाही असं वाटायला लागलंय."

ताई असं कधी बोलत नाही.

तरी तिने लिहिलं. मावशी एका जहाजाच्या शोधात दोराला धरून उतरते आहे. दोर संपतो. जहाज अजून खाली आहे. मावशी दोराकडे बघते. दोर सोडते.

पुढे तळ. काळोखात मावशीचा दिवा, समोर जहाज. मावशी त्याच्या अंगाला हात लावते, आणि आतून कुणीतरी ठोठावतं.

*(ठिपक्या, दोर सोडतानाचा चेहरा नीट काढ. घाबरलेली आहे, पण कुणाला दाखवणार नाही.)*

मी ताईकडे बघत तो चेहरा काढला. तिला सांगितलं नाही.

काढलं ते नेहमीच्या कागदांवर. आमच्याकडे मासिकाचे छापील कागद आहेत. फिकट निळ्या रेघांची चौकट असते, तिच्यात राहायचं. सगळं काढून झालं, ताईने तपासलं, ऑफिसला पाठवलं. तिथल्या मुलीने चौकटी कापून एकाखाली एक लावल्या. सकाळी भाग लोकांसमोर गेला.

*चौकट. पुन्हा स्वयंपाकघर. आता तिघे. भावोजी उभे, दवाखान्यात जायच्या कपड्यांत. एका हातात चहा, दुसऱ्यात मोबाइल.*

"वाचताय ना?" ताईने विचारलं.

"वाचतोय गं. दात काढतानाही पेशंट इतका मागे लागत नाही."

"कुठवर आलात?"

"दोर संपला. ही बया आता सोडणार बहुतेक. कलाकार, चेहरा बायकोसारखा काढलायस माझ्या."

"भावोजी, हळू," मी म्हणालो.

"सोडला. दोर सोडला तिने." त्यांचा अंगठा वर सरकला.

पांढरं.

अंगठा पुन्हा सरकला.

पांढरं.

"नेट गेलं वाटतं."

पांढरं.

त्यांनी मोबाइल हलवला, जसं आत काहीतरी अडकलंय. ताईने मान लांब करून पाहिलं आणि तिचा रंग उतरला. मी तिच्या खांद्यावरून पाहिलं आणि मला एकदम पंखा आठवला.

टेबलफॅन. आमच्या सातव्या पानाचा खालचा अर्धा भाग कायम एका पंखेवाल्याचा होता. हसतमुख कुटुंब, उडणारे केस, टेबलफॅन. निळ्या रेघांच्या कागदावर ती जागा आखूनच यायची. मी वरच्या अर्ध्यात चित्रं काढायचो, खाली पांढरं सोडायचो, आणि ऑफिसात कुणीतरी तिथे पंखा चिकटवायचं. छपाईबरोबर पंखेवालाही गेला. आम्ही मात्र त्याची जागा राखून ठेवली. ताईने पान तपासलं तेव्हा तिलाही ती रिकामी दिसली नाही. इतक्या वर्षांत आमच्या लेखी ते पांढरं नव्हतंच, पंखाच होता.

ऑफिसातल्या मुलीने हिशेब लावला असणार: इथे चार चौकटी मावल्या असत्या, तर चार पडदे मोकळे सोडू. कलाकारांचं काहीतरी असेल.

"मेलो," मी म्हणालो.

"मेलो काय, बुडालो," ताई खुर्चीत बसली. "एकच भाग दिला होता त्यांनी. एक. आणि मी त्यात एका पंखेवाल्याला जागा दिली."

"गप्प बसा दोघं," भावोजी म्हणाले. अंगठा अजून चालू होता. चौथं पांढरं वर गेलं.

आणि खालून, काळ्या चौकटीत, मावशीचा दिवा आला.

"आयला!"

चहा हिंदकळून त्यांच्या शर्टावर सांडला. त्यांना पत्ता नव्हता. ते वाचतच राहिले. जहाज. हात. आतून ठोठावणं. मग त्यांनी जे केलं ते आम्ही दोघांनी पाहिलं. अंगठा उलटा फिरवून ते वर गेले, पार दोरापर्यंत. थांबले. दोर सोडला. पांढरं, पांढरं, पांढरं, पांढरं. दिवा.

"काय पण सोडलंय हिला," ते म्हणाले. "मला वाटलं गेली. आणि माझाच अंगठा तिला खाली नेतोय, म्हणजे ढकलली मीच की. कशी सुचते गं तुला ही असली..." मग त्यांनी आमची तोंडं पाहिली. "काय झालं?"

ताई त्यांच्या मोबाइलकडे बघत होती. चेहऱ्याकडे नाही, अंगठ्याकडे. वेटिंग रूममध्ये बघायची तशी.

"अहो," ती सावकाश म्हणाली, "पुन्हा एकदा करा."

"दवाखान्यात पेशंट..."

"त्यांचे दात कुठे पळून जात नाहीत. करा."

त्यांनी केलं. दोर सोडण्याच्या चौकटीशी अंगठा थबकला. हवेतच. अगदी थोडा. पण थबकला.

*चौकट. फोन वाजतो.*

संपादकबाई. ताईने फोन टेबलावर ठेवला आणि मोठ्या आवाजावर लावला. एकटीने ऐकायची हिंमत नव्हती.

"ते मधलं पांढरं," बाई म्हणाल्या. "ते मुद्दाम आहे का?"

ताईने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे.

"नाही," ताई म्हणाली. "चूक आहे. पंख्याची जाहिरात यायची तिथे."

पलीकडून असा आवाज आला की बाई रडतायत की काय. हसत होत्या. "अहो, मीच लावायला सांगायचे तो पंखा! मलाही नाही दिसलं!" श्वास घेऊन त्या पुढे म्हणाल्या, "काही जण तिथे वैतागून गेले, ते खोटं सांगत नाही. तक्रारीही आल्यात, एकाने तर मोबाइल दुरुस्तीला नेला. पण जे उतरले ते तळापर्यंत गेले. आणि परत वर येऊन पुन्हा उतरतायत. रेघ अशी मी कधी पाहिली नव्हती. आत कोण ठोठावतंय?"

"मलाही माहीत नाही अजून," ताई म्हणाली.

"मग शोधा. पुढचा भाग पाहिजे. त्याच्या पुढचं त्याच्या पुढे बघू."

एवढंच. भावोजी शर्ट बदलायला गेले. जाताना म्हणाले, "एक आहे. छापील अंक मी संडासात न्यायचो. हा मोबाइल पडला तर खरंच पाणबुडी मावशीला बोलवावं लागेल."

ताई हसली नाही. तिचं लिहिणं सुरू झालं होतं.

*चौकट नाही. (ठिपक्या, ते निळ्या रेघांचे कागद बाजूला ठेव. लांब काहीतरी आण.)*

मी कागदाचं भेंडोळं आणलं, भिंतीला चिकटवायच्या कागदाचं, मागची बाजू कोरी असलेलं. टेबलावर ते मावेना, जमिनीवरही मावेना. म्हणून इमारतीच्या जिन्याच्या कठड्यावरून खाली सोडलं. वरच्या मजल्यावर ताई टोक धरून उभी. मी पेन्सिल घेऊन एकेक पायरी उतरत होतो. येणारेजाणारे अंग चोरून जात होते. शेजारच्या काकू कागदाच्या पलीकडून म्हणाल्या, "काय, रंगकाम काढलंय?"

"नाही काकू, समुद्र."

"बरं बरं," म्हणून त्या वर गेल्या.

वरून ताईचा आवाज येत होता. "या वेळी पांढरं नको. वरून खाली गडद होत जाऊ दे. आता काही काढू नकोस. काही नाही. अजून काही नाही."

"अजून?"

"अजून. मी सांगेन."

मी ठिपके देत उतरत होतो, आधी विरळ, मग दाट. जिनाभर माझ्या पेन्सिलीची टकटक. खालच्या पायरीशी पोचलो तेव्हा कागद काळाभोर झाला होता आणि ताईचा आवाज लांबून आल्यासारखा वाटत होता.

"पोचलास?"

"पोचलो."

"मग आता दिवा."

मी खिशातलं खोडरबर काढलं, आणि त्या सगळ्या काळ्यात एक ठिपका पांढरा केला.