बिनबियांचा चैत्र

फाल्गुनातली भीमा. पाण्याने अंग चोरलेले, वाळूने अंग पसरलेले. सोनसळी, सूर्यस्नात, निःशब्द अशी ती वाळू. तिच्यावर हिरव्या वेलींची नक्षी. आणि पानापानांआडून डोकावणारी पीतवर्ण, पहाटफुलली फुले. एवढे वैभव नदीच्या या काठाला एकाच बाईच्या वाडीत होते, आणि ते तिला चांगले ठाऊकही होते. हौसाबाई तिचे नाव.

नदीच्या वाळूत कलिंगडे पिकवण्यात तिचा आणि तिच्या नवऱ्याचा, मल्हारबांचा, जन्म गेला. पण गेल्या सहा वर्षांत मल्हारबा कलिंगडाला शिवले नव्हते! दात गेले, त्याचे एवढे काही नाही. पण धाकट्या भावाच्या लेकीच्या लग्नात, भरपंगतीत, कलिंगडाचे बी घशात गेले, ठसका लागला, डोळे पांढरे झाले, आणि व्याह्यांकडच्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. त्या दिवसापासून त्या रक्तवर्ण, रसगर्भ, शीतल फळाशी त्यांनी अबोला धरला. हौसाबाईने एकदा बिया वेचून ताटली पुढे केली, तर "म्या काय तान्हं बाळ हाय?" म्हणून त्यांनी ती दूर सारली. फार लागले ते तिच्या जिवाला.

म्हणून यंदा तिने नवी जात आणली. नारळाएवढे फळ, गोडीला अवीट, आणि बी म्हणून नाही. रोपवाटिकेतल्या माणसाने बजावले होते, दर तीन ओळींमागे एक ओळ बियांच्या कलिंगडाची हवीच. त्याने तशी रोपेही दिली. हौसाबाईने मान डोलावली, सगळी रोपे लावली, आणि आठवडाभरात बियांच्या ओळी उपटून टाकल्या. बी नको म्हणून एवढा खटाटोप, आणि शेजारी बियावालीच नांदवायची? छट्! तिचा खाक्याच तसा होता.

मग फुले आली. हळद सांडावी तशी आली. देठाशी मण्याएवढे हिरवे फळ धरे आणि तिसऱ्या दिवशी पिवळे पडून गळे. रोज बहर, रोज गळ. रोज आशा, रोज माती. आठव्या दिवशी तिने फोन लावला.

"मावशी, या वेलींच्या परागात जोर नसतो," रोपवाटिकेतला माणूस म्हणाला. "शेजारच्या बियावालीचा पराग लागतो, तेव्हाच यांना फळ धरतं."

हौसाबाईला उपटलेल्या ओळी आठवल्या. आपल्याच हाताने घात केला गं बाई! तिला रडू फुटले. पण क्षणभरच.

बियांची कलिंगडे पलीकडच्या काठाला होती, पारूच्या वाडीत. पारू तिची धाकटी जाऊ. पाण्याच्या मोटारीवरून चार वर्षे दोघींचे बोलणे बंद. दुसऱ्या दिवशी पूर्व केशरली, आणि हौसाबाई पदर खोचून, गुडघाभर पाणी तुडवीत तिच्या वाडीत उभी राहिली.

"पारू, नरफुलं दे टोपलीभर."

"चार वरसं त्वांड फिरवलंस, अन् आज फुलं मागतीस व्हय, अक्का?"

"व्हय. भांडू मागनं. उन्हं चढली की फुलं मिटत्यात."

"एवढी घाई कुणासाठी गं?"

"तुझ्या थोरल्या दिरासाठी. बिनबियांचं कलिंगड खाऊ घालायचंय त्यास्नी."

ते ठसक्याचे लग्न पारूच्याच लेकीचे होते. तिने स्वतः टोपली भरली, आणि नदी ओलांडून बरोबर आली.

मग नऊ पहाटा. दवाने भिजलेल्या, धुक्याने वेढलेल्या नऊ पहाटा. दोन वाकलेल्या पाठी, बांगड्यांची किणकिण. नरफुलाच्या पाकळ्या मागे दुमडायच्या, आतले परागाचे तुरे मादीफुलाच्या मुखी अलगद टेकवायचे. की पुढचे फूल, की पुढची वेल. दहाव्या दिवशी पाहिले, तर पहिल्या पहाटेचा मणी गळला नव्हता. तो लिंबाएवढा झाला होता.

चैत्र तापला. देठाशेजारचा वेलीचा कुरळा दोरा वाळला, म्हणजे फळ पिकले, तशी हौसाबाईने पहिले फळ खुडले, खोपीच्या सावलीत मल्हारबांपुढे ठेवले आणि एक बुक्की हाणली. आत नुसती लाली. अखंड, निर्बीज, रसरशीत लाली.

मल्हारबांनी बोट खुपसून पाहिले.

"बिया कुठं लपवल्यास?"

"म्या एक बी काढलेलं न्हाय. तुमच्या देखत फोडलं की! खावा."

त्यांनी घास घेतला. डोळे मिटले, मान आखडली, ठसक्याची वाट पाहिली. ठसका आला नाही. दुसरा घास, तिसरा. रस हनुवटीवरून ओघळला, कोपरावरून ठिबकला, पांढरी दाढी लाल झाली. त्यांनी पार पांढऱ्या सालीपर्यंत खरवडले, तोंड पुसलेसुद्धा नाही.

"हौसे, दुसरं फोड. अन् ह्यातलं मागू नगंस, तुझं तू येगळं घे!"

ती हसली, रडली, दोन्ही एकदमच. मग तिने दुसरे फळ पुढ्यात ओढले आणि मूठ उगारली. वर चैत्राचे ऊन, खाली तापली वाळू, आणि मधे एक बोळके तोंड, लाल, उघडे, हसणारे.