विनोदी हाड

मुकुंद देवस्थळीला पदरात पाडून घ्यायचं होतं ते एवढंच: हेडक्लार्कची खुर्ची आणि तिच्या डोक्यावरचा पंखा. साहेबांना इंग्रजी जाणणारा माणूस हवा होता, आणि पिंपरीत तसा एकच आहे, हे मुकुंदचं स्वतःचं मत.

१९७४च्या मार्चात कारखान्याच्या प्रेस शॉपमधल्या सयाजीचा उजवा दंड मशीनमध्ये सापडून मोडला. अपघात कामातला ठरला, तर हाड जुळेपर्यंत भरपगारी रजा. नाहीतर बिनपगारी घरी. डॉक्टरांनी दाखल्यावर इंग्रजीत लिहिलं, 'फ्रॅक्चर ह्यूमरस'.

मुकुंदला डॉक्टरांची कीव आली. एवढं शिकून 'विनोदी'चं साधं स्पेलिंग येऊ नये? त्याने लाल शाईने 'ई'चा 'ओ' केला, पुढे आणखी एक 'ओ' कोंबला आणि खाली सुवाच्य मराठी तर्जुमा दिला: 'थट्टामस्करीत झालेले फ्रॅक्चर'. मस्करीतल्या इजेला कंपनी जबाबदार नव्हती. साहेबांनी सही ठोकली, वर मुकुंदच्या बारीक नजरेचं कौतुक करून हेडक्लार्कची खुर्ची त्याला कबूल केली.

सयाजी हात गळ्यात अडकवून मुकुंदकडे आला. "साहेब, मशीनवर मी एकलाच होतो. मस्करी कुणासंगं केली?"

"डॉक्टरांना विचार. त्यांनीच लिहिलंय."

दुसऱ्या दिवशी तो विचारून आला. बरोबर बायको होती, कस्तुरा.

"डॉक्टर म्हणले, ह्यूमरस म्हंजी दंडाचं हाड. लॅटिन का काय हाय," सयाजी म्हणाला.

टाइपिस्ट हरिहर खुदकन हसला. "म्हणजे देवस्थळी, तुमच्याही दंडात विनोद आहे म्हणायचा. दिसत नाही कधी."

मुकुंदने डिक्शनरी काढली. दोन्ही शब्द एकाच पानावर, थोड्याच अंतरावर होते. त्याने दोन्ही वाचले. कान लाल झाले. मग डिक्शनरी मिटून तो म्हणाला, "साहेबांची सही झालीय. आता खोडता येत नाही."

"डॉक्टरचं बरं खोडलं," कस्तुरा म्हणाली.

मुकुंदने हरिहरकडे पाहिलं. हरिहरला आठवलं, उद्यापासून हाच आपला हेडक्लार्क. तो मान खाली घालून टाइप करू लागला.

मुकुंदला खुर्ची मिळाली, पंखाही मिळाला. साहेबांची सही शाबूत राहिली. डॉक्टरांचा एक 'ई' गेला. बाकीचं सगळं सयाजीने भरलं, अकरा आठवडे घरी बसून; आणि कस्तुराने, पिंपरी कॅम्पातल्या चार घरची भांडी घासून.