रविवारचं घोसाळं

आमच्या ह्यांनी आयुष्यभर कारखान्यात लेथवर काम केलं. निवृत्त झाल्यावर माणूस जरा टेकेल असं मला वाटलं होतं, पण ह्यांनी परसात भाजीपाला लावला. वेलांसाठी मांडव घातला, तोही लेव्हल लावून. गुडघे बोलायला लागले, कंबर धरली, आणि पहिल्या वर्षी हाती आली चार वांगी. त्यातली दोन किडकी. डोंगर पोखरून उंदीर काढलात, मी म्हटलं. ते म्हणाले, "उंदीर का होईना, घरचा आहे."

घोसाळ्याच्या वेलाने मात्र हात दिला. आमची लेक ठकी दुसऱ्या शहरात नोकरी करते. तिला कोवळं घोसाळं फार आवडतं. फोनवर म्हणाली, "बाबा, माझ्यासाठी एक ठेवा. रविवारी येते." झालं. ह्यांनी माझ्या शिलाई मशीनखालची एक लाल चिंधी उचलली आणि मांडवावरच्या सगळ्यात देखण्या घोसाळ्याच्या देठाला बांधली. म्हणजे ह्याला कुणी हात लावायचा नाही.

रविवारी तिला काम निघालं. पुढच्या रविवारी सर्दी झाली. घोसाळं काही कुणासाठी थांबत नाही, बघता बघता जून होतं आणि आत नुसत्या शिरा उरतात. मग ते वेलावरच वाळायचं आणि चिंधी नव्या कोवळ्यावर जायची. वाळलेलं सोलून हे न्हाणीघरात खिळ्याला अडकवायचे, अंग घासायला. हंगाम संपेपर्यंत तिथे रांग लागली. "माणसं दोन आणि घासण्या बघा," मी चिडवायची. "सालटी निघतील आपली." खरं सांगायचं तर मला त्या रांगेकडे बघवत नसे. अंघोळीला मी तिच्याकडे पाठ करून बसायची.

ठकी आली तेव्हा वेल वाळून गेला होता. हातपाय धुवायला गेली आणि आतूनच तिने विचारलं, "बाबा, इतकी कशाला जून होऊ दिलीत?"

मी तोंड उघडणार तोच हे म्हणाले, "बी धरायला."

एका घोसाळ्यात अख्ख्या गल्लीला पुरेल इतकं बी निघतं. ठकीला ते ठाऊक होतं. ती बराच वेळ बाहेर आली नाही, आणि आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. संध्याकाळच्या गाडीने परत जाताना म्हणाली, "पुढच्या वर्षी नक्की वेळेवर येते."

यंदा वेल पुन्हा मांडवावर चढला. ठकीचा फोन येऊन गेला. रविवारी बघते, म्हणाली. येते नाही, बघते.

पहिलं घोसाळं वीतभर झालं तसे हे सुरी घेऊन निघाले. चिंधी मागायला आले नाहीत. "आज भाजी करून टाकू," म्हणाले. "उगाच कशाला जून करायचं?" आवाज नेहमीचाच होता. इतके दिवस चिडवत होते ती मीच.

मशीनवर गिऱ्हाइकाच्या लाल कापडाची उरलेली पट्टी पडली होती. ती कातरली आणि ह्यांच्या मागोमाग मांडवाखाली गेले. माझा हात वेलापर्यंत पुरेना.

"स्टूल धरा जरा," मी म्हटलं.

ह्यांनी माझ्या हातातल्या चिंधीकडे पाहिलं. सुरी बाजूच्या कट्ट्यावर ठेवली आणि दोन्ही हातांनी स्टूल घट्ट धरलं.