मयताचा सांगावा

आमच्या गावात मी काय करतो असं विचारलंत तर लोक सांगतील, प्रशिक फोटो बनवतो. मी वेब डिझायनर आहे, वेबसाइट बनवतो, हे सांगून सांगून माझं तोंड दुखलं. मार्गासनीच्या अलीकडे, रस्त्यापासून आत आमची आळी. घराच्या स्लॅबवर पाण्याच्या टाकीशेजारी रेंज येते. तिथं पत्र्याखाली टेबल टाकून मी पुण्यातल्या लोकांची दुकानं, दवाखाने, क्लास इंटरनेटवर सजवतो. म्हणजे सजवायचो. आता बरेचजण कॉम्प्युटरलाच सांगतात आणि तो घटकाभरात करून देतो. वाईटच असतं, पण त्यांना चालतं.

गावासाठीही एक वेबसाइट फुकट बनवली होती. शाळा, ओढ्यावरचा पूल, देऊळ, आमचं बुद्धविहार, सगळं तिच्यात होतं. ग्रामपंचायतीत दाखवली. ‘लई भारी’ म्हणाले, चहा पाजला आणि पुन्हा कुणी ती उघडली नाही. गावाला माझ्याकडून एकच गोष्ट हवी असते, मयताची बातमी.

सुरुवात कोरोनात झाली. वरच्या आळीतला कुमार माझा वर्गमित्र, गावाचा व्हॉट्सॲप ग्रुप तोच चालवतो. त्याचा चुलता वारला तेव्हा माणसं जमवायला बंदी होती. त्यानं फोटो धाडला, मी तो पांढऱ्या फुलांच्या चौकटीत बसवून खाली नाव घालून दिलं. तो गावभर फिरला, पाहुण्यारावळ्यांत फिरला, लोक म्हणाले काय सुंदर केलंय. तेव्हापासून कुणी गेलं की पहिला फोन मला. “प्रशिक, म्हातारी गेली. बनव पटकन.” मी बनवायचो. आणि खरं सांगतो, मला बरं वाटायचं. वरच्या आळीची माणसं आमच्या दारात गाडी थांबवून नावानं हाक मारायची. वाटायचं, झालो एकदाचे गावाचे.

अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, हे कधीच आवडलं नाही. पण ते बोलले गेल्या वर्षी. मी असाच एक फोटो करत बसलो होतो, तर कठड्याला धरून धरून ते वर आले.

“आता कोन?”

“सोमनाथ मास्तरांची आई.”

“आन् तू सांगनार सगळ्यास्नी.”

“सांगत नाही अण्णा, डिझाइन करतो.”

ते टाकीला टेकून बसले. “माझा बा काठी घिऊन निघायचा. वर कुनी मेलं की पाव्हन्यांच्या गावाला सांगावा न्यायचा. शिवऱ्याला जा, किकवीला जा, रानातनं जा. सांगायचं आन् अंगनाच्या भाईर उभं ऱ्हायचं, कुनी भाकर टाकंपत्तुर. धर्मांतर झालं तवा बानं महारकी टाकली. काठीचं जळान केलं. म्हनला, गावाची मयतं मी सांगनार न्हाई. गावानं आमचं दळान बंद केलं, पन बा हटला न्हाई.”

“ती बळजबरी होती. मी माझ्या मर्जीनं करतो.”

“मग येकदा मर्जीनं न्हाई म्हनून बघ,” अण्णा म्हणाले आणि खाली गेले.

मी बघितलं नाही. आई माझ्याच बाजूची होती. “लोकं दारात येत्यात तर येऊ द्या की,” ती अण्णांवरच डाफरायची. आलेल्याला ती चहा करायची आणि तो पितो की नुसता कप हातात धरतो, हे दाराआडून बघायची. प्यायला की दिवसभर खुशीत.

गेल्या महिन्यात आई गेली. सकाळी चहा ठेवता ठेवता कोसळली. टेम्पोत घालून वेल्ह्याच्या दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. तिला घरी आणलं, आळीतल्या बाया जमल्या, माझी बायको सारिका रडत रडत आईचे केस विंचरायला बसली. मी फोटो शोधायला स्लॅबवर गेलो. सगळ्या गावाच्या मेलेल्यांचे फोटो माझ्याकडे नीट लावून ठेवलेले, आणि आईचा धड एक नव्हता. प्रत्येकात ती कडेला, हातात चहाचा ट्रे. शेवटी तसलाच एक घेतला आणि ट्रे कापून टाकला. तेव्हा मला रडू फुटलं.

तेवढ्यात कुमारचा फोन आला.

“आईचं कळलं रे. लई वाईट झालं. कवा उचलनार?”

“तीनला.”

“बरं. आन् ऐक, आमच्या भावकीतल्या मानसिंगचा म्हातारा बी गेला पहाटं. आमचं चारला हाय. तू आईचं करतच असशील, तर त्यातच आमचं बी येक करून टाक. फोटो धाडलाय.”

त्याच्या बोलण्यात कुचकेपणा नव्हता. असता तर मी फोन आपटला असता. सरळ मनानंच बोलला तो, पाण्याला निघालेल्याला आमची बी येक घागर आण म्हणावं तसं. ‘नाही’ माझ्या ओठांवर आलं होतं. शपथेवर सांगतो, आलं होतं. मी म्हणालो, “करतो.”

दोन्ही केले. म्हाताऱ्याचा आधी केला, कारण त्याचे पाहुणे लांबचे. खाली आलो तर अण्णा आईच्या उशाशी मोबाईल हातात धरून बसले होते. ग्रुपवर दोन्ही फोटो आले होते, वर म्हातारा, खाली आई. त्यांनी मोबाईल पालथा ठेवला. शिव्या घातल्या असत्या, तर बरं झालं असतं.

तीनला आमच्या आळीची माणसं जमली. वरच्या आळीतून कुणीच आलं नाही. ग्रुपवर जोडलेले हात मात्र मोप होते. त्यांचंही मयत आहे, त्यांना तयारी असणार, अशी मी माझी समजूत घालत होतो. चिता रचून झाली. सगळे हात जोडून वंदना म्हणायला लागले, मीही जोडले, आणि खिशात मोबाईल थरथरला. कुमारचा मेसेज होता. ‘म्हाताऱ्याचा फेटा वरनं कापला गेलाय. जावई नाराज हायत. बदलून दे की.’

वंदना चालू होती. अण्णा माझ्याकडे बघत होते. आईला अजून अग्नी द्यायचा होता. फेटा काय, मोबाईलवरही नीट करता येतो. मी जोडलेले हात सोडले आणि लिहिलं, ‘दोन मिनिटं थांब.’