जातो म्हणू नये

मुलुंड पूर्वेला आमच्या वाचनालयात शनिवारी दुपारी मी कवितेच्या अनुवादाचा वर्ग घेते. वर्ग म्हणायचा आपला. कॉलेजात इंग्रजी शिकवून निवृत्त झालेली मी, आणि समोर तीन डोकी. नंदकिशोर बँकेतून निवृत्त झालेत, त्यांना प्रत्येक ओळीत यमक लागतं. गंधाली कॉलेजात शिकते, तिला यमकाची शिसारी. आणि तिसरा देवेश. चाळिशीचा, घरी बसून कुठल्याशा कंपनीचं काम करणारा. कोपऱ्यातली खुर्ची कधी सोडायचा नाही आणि विचारल्याशिवाय बोलायचा नाही. असा विद्यार्थी शिक्षकाला आवडतो, कारण त्याचा त्रास नसतो.

त्या शनिवारी तो आला तो वर्तमानपत्रात गुंडाळलेली माझी डिक्शनरी घेऊनच. मी ती त्याला वापरायला दिली होती.

"झाली वाचून? शेवट कसा आहे?" मी म्हटलं.

तो हसला. "राहू दे तुमच्याकडे. मला आता नाही लागणार."

मी ती पिशवीत टाकली आणि कवितेकडे वळले. एका जुन्या संग्रहात सापडलेली छोटीशी आधुनिक इंग्रजी कविता होती. असल्या कविता मला फार आवडतात, कारण त्यांत कोणी गळा काढत नाही. माणूस आतून संपत असतो आणि शेजारीण हवापाण्याच्या गप्पा मारत असते. या कवितेतला माणूस वरच्या मजल्यावर भाड्याच्या खोलीत एकटा राहतो. रोज जिना उतरताना खाली पायऱ्या धुणाऱ्या बाईला म्हणतो, 'आय ॲम गोइंग नाऊ.' ती मान वर न करता म्हणते, 'पायरी ओली आहे, सांभाळून.' शेवटच्या दिवशीही तो तेच म्हणतो आणि तीही तेच म्हणते. तो परत येत नाही, पायरी मात्र कोरडी होते. संपली कविता.

आमची गाडी अडली ती त्या 'गोइंग'वर. नंदकिशोरांनी लिहिलं होतं 'येतो', गंधालीने 'निघतो'. देवेशच्या कागदावर होतं 'जातो'.

"जातो?" नंदकिशोर उखडले. "अरे, घरातून निघताना जातो म्हणतात का कधी? अभद्र वाटतं ते."

मलाही ते पटलं. आपल्याकडे पोर शाळेला निघालं तरी 'येतो' म्हणतं. जीभच तशी वळलेली असते. मी म्हटलं, "देवेश, मराठी माणूस जिन्यात असं बोलणार नाही रे."

"येतो म्हणायला मागे कोणीतरी लागतं ना, बाई," देवेश म्हणाला. "त्याच्या खोलीत कोण आहे?"

मी टेबलावर थाप मारली. "वा! हे परीक्षेत लिहिलं असतंस तर पैकीच्या पैकी दिले असते." गंधालीने तर टाळ्या वाजवल्या. देवेश कागदाची घडी घालत राहिला.

वर्ग सुटला. मी चष्म्याचं घर शोधत होते, गंधाली फोनमध्ये, नंदकिशोर टेबलाखाली वाकून चप्पल सरळ करत होते. दारातून आवाज आला, "जातो, बाई."

नंदकिशोर खालूनच म्हणाले, "बाहेरचा पंखा बंद कर रे जाताना."

खट्ट आवाज झाला. पंखा बंद झाला. मी चष्म्याचं घर हातात धरून तशीच उभी राहिले. आत्ताच तासभर मी त्या पायऱ्या धुणाऱ्या बाईवर बोलले होते. तिने मान वर करायला हवी होती, वगैरे. चष्म्याचं घर पिशवीत टाकलं, पिशवी उचलली आणि गुडघ्यांना शिव्या देत जिना उतरले.

तो नाक्यापर्यंत पोचला होता. मी भर रस्त्यात हाक मारली, तसा थांबला.

"काय झालं, बाई?"

"मला तुझ्या घरी चहा हवाय."

"घरात दूध नाही."

"मग घेऊ. दुधाचा दुष्काळ नाही मुलुंडात."

गव्हाणपाड्यातल्या त्याच्या इमारतीत आम्ही दुधाची पिशवी घेऊन शिरलो. खाली एकाने विचारलं, "काय देवेश, बरंय ना?" देवेश म्हणाला, "बरंय." तोवर तो माणूस पुढे गेलाही होता.

घर स्वच्छ होतं. जरा जास्तच स्वच्छ. भिंतीला लागून एक खाट, गादी गुंडाळलेली. दाराशी बाईमाणसाच्या जुन्या स्लिपर होत्या.

"आईच्या," तो म्हणाला. "दिवाळीनंतर गेली. बरीच वर्षं अंथरुणावर होती. मीच करायचो सगळं." दूध त्याच्या हातातच होतं. "आमची मालवणकडची. लहानपणी मी जातंय म्हटलं की ओरडायची, जातंय म्हणूचा नाय रे, येतंय म्हणूचा. मी येतंय म्हटलं की आतून म्हणायची, लवकर ये. ती गेल्यावरसुद्धा मी म्हणत होतो. एकदा कुलूप लावताना लक्षात आलं, कोणाला सांगतोय मी? कुलपाला?"

मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या दुःखाचे अर्थ सांगितले. इथे अर्थ सांगून भागणार नव्हतं. मी सरळ विचारलं, "देवेश, जिवाचं काही बरंवाईट करायचं मनात आहे का?"

त्याने दुधाची पिशवी ओट्यावर ठेवली. मग म्हणाला, "रोज नसतं."

"आज?"

"आज होतं."

मला राग आला. त्याचा नाही, त्या 'बरंय ना' विचारून पुढे जाणाऱ्याचा आणि पैकीच्या पैकी देणाऱ्या बाईचा. आणि भीती वाटली, खूप. मी त्याचा हात घट्ट धरला. एरवी मी असलं काही करणारी नव्हे.

"तुझं असं कोण आहे?"

"मावसबहीण आहे घाटकोपरला. जान्हवी. पण तिला कशाला उगाच..."

"नंबर लाव."

फोन लागल्या लागल्या पलीकडून आवाज आला, "देव्या! महिनाभर फोन उचलत नाहीस, जिवंत आहेस ना रे?" ती मस्करीत म्हणाली. देवेशने फोन माझ्यापुढे धरला. मी फोन घेतला आणि जे खरं होतं ते सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "निघाले मी. त्याला सोडू नका."

आम्ही चहा केला, जरा जास्तच गोड झाला. डिक्शनरी अजून माझ्या पिशवीत होती, ती काढून मी टेबलावर ठेवली. तो बघत राहिला, नको म्हणाला नाही. जान्हवी आली ती चपला न काढता त्याच्याजवळ गेली आणि त्याचं डोकं पोटाशी धरून उभी राहिली. तेव्हा कुठे तो रडला. मग तिने ओळखीच्या डॉक्टरांना फोन करून सोमवारची वेळ घेतली आणि बजावलं, तोवर मी इथून हलणार नाही.

दिवेलागणीला मी उठले. पायात चपला सरकवल्या आणि सवयीने म्हटलं, "येते."

"कधी?" देवेशने विचारलं.

तो गंमत करत नव्हता. आयुष्यभर मी हजार दारांतून 'येते' म्हणत निघाले, पण कोणी मला हे विचारलं नव्हतं.

"उद्या सकाळी," मी म्हटलं. "दूध घेऊन."

त्याने मान हलवली. मी कठडा धरून अर्धा जिना उतरले असेन. दार लागल्याचा आवाज आला नव्हता. वरून तो म्हणाला, "लवकर या, बाई."